उजवा दिवा

फायदा तिहेरी होता. बापाची जुनी गाडी फुकटात मिळणार होती, ती आणायला केलेला ट्रेलर कायमचा घरचा होणार होता, आणि मेहुण्यासमोर मिशीला पीळ देता येणार होता. मेहुणा म्हणालाच होता, "खिडक्यांच्या जाळ्या जोडणाऱ्याने ट्रेलर करू नये, दाजी. रस्त्यात सुटला तर गाडी तुमच्या आधी घरी पोहोचायची."

असं कुणी बोललं की ग्रिलवाल्याला चेव येई.

खरं तर ट्रेलर करायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. बंद पडलेली गाडी टेम्पोला दोर बांधून, पोलिसांची नजर चुकवून आणायचा त्याचा बेत होता. अट बापाची होती. बापाचा जन्म बस डेपोत फोरमनकी करण्यात गेला होता. त्याच्या हाताखालून कधी एक नट गहाळ झाला नाही. "गाडी तुझीच आहे," बाप म्हणाला, "पण दोरीने फरफटत न्यायची नाही. दोन चाकांचा ट्रेलर कर, गाडीची पुढची चाकं त्यावर चढव. रीतसर पास करून घे, मग ने. सामान माझ्याकडे पडलंय. लागेल तसं घेऊन जा."

आई गेल्यापासून बाप दोन तासांवरच्या त्या घरात एकटाच राहत होता. ग्रिलवाला वर्षाकाठी एखादी फेरी मारी. गिऱ्हाईक रविवारीच येतं, हे त्याचं कारण. ते खोटंही नव्हतं. आता मात्र तो दर रविवारी दुकान बंद ठेवून बापाकडे जाऊ लागला.

पहिल्या खेपेला बापाने ॲक्सल दिला. दुसऱ्या खेपेला बेअरिंग. तीही नुसती हातावर ठेवली नाहीत. ग्रीस कसं भरायचं ते दाखवलं, पुसून पुन्हा भरायला लावलं. त्यात दिवस मावळला. तिसऱ्या खेपेला चाकं मिळाली, नंतर कधीतरी साखळ्या.

"सगळं एकदम का देत नाही, बाबा?"

"एकदम दिलं तर एकदम हरवशील. बस, चहा टाकतो."

मग एका रविवारी मागचा लाल दिवा मिळाला. गोल, जाड काचेचा. पण एकच, डावा.

"उजवा कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारीही तो सापडला नाही. ग्रिलवाला तडकला. "फोरमन म्हणे! जोडीतला एक दिवा सांभाळता येत नाही."

"वय झालं," बाप हसून म्हणाला आणि कपबशा विसळायला गेला.

परतताना ग्रिलवाल्याने बाजारातून उजवा दिवा विकत घेतला. बायको म्हणाली, "अजून एकदा गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

"एका दिव्यासाठी चार तास? पेट्रोल काय झाडाला लागतं?"

पासिंगच्या दिवशी आरटीओच्या साहेबाने जोड ठोकून पाहिले, साखळ्या ओढल्या, दिवे लावायला सांगितले. डावा गोल, उजवा चौकोनी. "एक डोळा आईवर गेलाय, एक बापावर," साहेब म्हणाला आणि सही केली.

ग्रिलवाला ट्रेलर घेऊन थेट बापाच्या दारात गेला. बापाने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. चौकोनी दिव्यापाशी थांबला. त्यावर बोट टेकवलं.

"विकत आणलास?"

"मग किती दिवस थांबायचं?"

बापाने बोट काढून घेतलं. "जोड चांगले मारलेस," एवढंच म्हणाला. गाडीची पुढची चाकं ट्रेलरवर चढली. बापाने पट्टे आवळले, तपासले. पुन्हा तपासले. टेम्पो सुरू झाल्यावर हात वर करून थांबवला आणि तेच पट्टे परत एकदा तपासले. डेपोची खोड, जात नाही, ग्रिलवाल्याला वाटलं.

घरी मेहुणा वाटच बघत होता. खोट काढायला तो ट्रेलरखाली वाकला, आडवा झाला, शेवटी कपडे झटकत उठला. "मानलं, दाजी."

"आणि सगळा फुकटात," ग्रिलवाला म्हणाला.

मेहुणा गेल्यावर त्याने गाडीची डिकी उघडली. बंद गाडीची डिकी एरवी कोण उघडतो? आत लाकडी खोकं होतं. जादा हब, टेकूचं चाक, चिखलपट्ट्या, चमकपट्ट्या, हँडब्रेकचा दांडा. एकेक वस्तू तेल लावून वेगळ्या फडक्यात बांधलेली. ट्रेलरला अजून काय काय लागू शकतं, याचा बापाने पार पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा विचार करून ठेवला होता. सगळ्यात वर उजवा दिवा होता. गोल. काच लख्ख पुसलेली.

ग्रिलवाल्याने तो ट्रेलरच्या डाव्या दिव्याशेजारी धरून पाहिला. मग त्याने फोन लावला.

"बाबा, रविवारी येतोय."



"का रे?" बापाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता. "काही राहिलं का इथं?"

 ट्रेलर फुकटात झाला, असं ग्रिलवाला मेहुण्याला नुकतंच सांगून बसला होता. हिशेब उलटा होता. प्रत्येक रविवारचे दाम बापाने जागच्या जागी चुकते केले होते: कधी ॲक्सल, कधी बेअरिंग, कधी डावा दिवा. मुलाने एकही रविवार फुकट दिला नव्हता.