एकमताने

"पऱ्ह्यावर साकव हवा, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले.

आमच्या बौद्धवाडीतले सगळे ग्रामसभेला आले होते. सगळ्यांचे हात वर गेले. जाईबाईंनी तर दोन्ही वर केले. त्यांची सून पावसाळ्यात बाळंत होणार होती, आणि पूल नसल्याने पऱ्ह्याला पाणी चढलं की रिक्षा पलीकडेच राहते.

"हां, हात तसेच ठेवा." ग्रामसेवकांनी मोबाइल काढला.

"जाईकाकी, हस गो जरा," सरपंच म्हणाले. "ग्रामसभा हाय, मयत नाय."

जाईबाई हसल्या.

आठवड्याने तोच फोटो गावाच्या ग्रुपवर आला. खाली मजकूर:

किनाऱ्यावर पर्यटकांसाठी सेल्फी पॉइंट. यंदाच्या विकास आराखड्यात एकमताने मंजूर.

जाईबाई तडक पंचायतीत गेल्या. "माझं हात साकवासाठी व्हतं."

"काकी, फोटोत हात दिसतात," सरपंच म्हणाले. "कशासाठी, ता थोडाच दिसता?"

भर पावसात सुनेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी पऱ्ह्यातून पलीकडे नेलं. ती वाचली. बाळ नाही.

पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं, "साकव कोणाला हवा? हात वर करा."

अख्खी वाडी हजर होती. जाईबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. त्यांनी आधी ग्रामसेवकांच्या मोबाइलकडे पाहिलं, मग दोन्ही हात पदराखाली घेतले. मागे आम्हीही हात आवरले.



"मागणी नाही," ग्रामसेवक म्हणाले, आणि त्याचाही फोटो काढला.