तीन तळवे

एकत्रित प्रात्यक्षिक परीक्षेआधी तिघा विद्यार्थ्यांनी मनगटाला पट्ट्या बांधल्या. आता एकाच्या तळव्याला जे जाणवेल, ते तिघांच्याही तळव्यांत उतरणार होतं.

खाटेवर कीर्तनकार दामोदरबुवा होते, गळ्याला छिद्र पाडून बसवलेली श्वासाची नळी. महिनाभर त्यांच्या मुखातून देवाचं नाव उमटलं नव्हतं.

"यंत्रावरचे आकडे उत्तम आहेत. काढू या नळी," डॉक्टरकी शिकणारा निरंजन म्हणाला.

नर्सिंगच्या कुंदाने बुवांच्या पाठीवर हात ठेवला आणि निरंजनच्या रिकाम्या तळव्यात ओली घरघर उठली.

"हे काय?"

"कफ. रोज पहाटे लागतो हाताला. तुम्ही लोक उगवता दहाला. आत्ता काढलीस तर गुदमरतील."

"मग काय करू?"

"नसीमला विचार. कफ तीच सोडवते."

फिजिओथेरपीची नसीम हसली आणि मृदंगावर थाप द्यावी तशी पाठीवर हलके थोपटू लागली. सुटलेला कफ कुंदाने नळीतून ओढून घेतला. घरघर विरली. मग निरंजनने अलगद नळी काढून छिद्रावर कापसाची घडी धरली.

बुवांचे ओठ हलले. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. पण तिन्ही तळव्यांत एक बारीक सूर थरथरू लागला होता, कानांपर्यंत यायला त्याला अजून क्षणभर अवकाश होता.