खालचा प्लॉट

पलूसजवळच्या वायनरीत मनुबाईसमोर लाल वाईनच्या दोन बाटल्या होत्या, तिच्याच दोन द्राक्षबागांच्या, एकाच सालच्या, दहा वर्षं मुरलेल्या. त्या साली तिचे मालक लष्करात सुभेदार होते, लेहला. “छाटताना काडीवर फुटीचं चार डोळं राख, माल दणकून यील,” त्यांनी फोनवरून बजावलं होतं. तिनं वरचा प्लॉट हुकमाप्रमाणं छाटला. खालच्यात मात्र माल कमी पण रस दाट येईल म्हणून आपल्या मनानं दोनच डोळे राखले आणि कधीच सांगितलं नाही. आज सुभेदारांनी लेबलं न बघता दोन्ही ग्लास चाखले. “दुसरी लय भारी. वरच्या प्लॉटची, माझ्या हुकमाची,” ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. वायनरीतल्या बाईंनी बाटली त्यांच्याकडे वळवली, तोच मनुबाईनं लेबलावरच्या ‘खालचा प्लॉट, दोन डोळे’ या अक्षरांवर तळवा ठेवला. “व्हय, तुमचीच.” परतीच्या एसटीत सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, “औंदा वरच्याबी प्लॉटला दोनच डोळं राख.”