चेंडू झेलणारा

हेमराजने ठिबक सिंचनाचं दुकान लवकर बंद केलं आणि तो जळगावच्या मैदानावर आला. पाहतो तर इरफान ग्लोव्ह घालून उकिडवा बसला होता आणि कॉलेजातली एक मुलगी समोरून त्याच्याकडे चेंडू फेकत होती.

हेमराज चेंडू फेकणारा पिचर, इरफान तो झेलणारा कॅचर. अमेरिकेतल्या एका लहानशा व्यावसायिक बेसबॉल संघात दोघं एकत्र खेळले होते. हेमराजचा खांदा कायमचा दुखावला, तेव्हा इरफाननेही खेळ सोडला. दुसऱ्या कुणाचे चेंडू झेलायचे नाहीत, असं तो तेव्हा म्हणाला होता.

"वा! काय वळला चेंडू!" इरफान मुलीला ओरडून म्हणाला.

हेमराजचा जळफळाट झाला. हे शब्द आजवर फक्त त्याच्याच वाट्याला आले होते. तो तरातरा पुढे गेला.

"एवढं काय आहे रे तिच्या चेंडूत? दे तो ग्लोव्ह. मी बसतो."

इरफानने ग्लोव्ह काढून दिला. हेमराज आयुष्यात पहिल्यांदाच कॅचरच्या जागी बसला. मुलीने चेंडू फेकला. तो ग्लोव्हमध्ये असा आदळला, की तळव्यापासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी वर्षं तू हे सोसत होतास?" हात झटकत त्याने विचारलं.

"हे तर काहीच नाही. तुझे चेंडू याहून जास्त लागायचे. सामना संपला की बर्फात हात बुडवून बसायचो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

इरफान हसला. "बोललो असतो, तर तू हळू टाकले असतेस."