सत्यप्रत

"पुन्हा परत आली, चाचा," फाइल टेबलावर ठेवत सायबर पोलिसांतल्या जयमालाबाई म्हणाल्या.

सकाळच्या एसटीनं शकूरमिया खामगावहून आले होते. त्यांच्या लेकीचा, मलिहाचा चेहरा कुणा नराधमानं भलतीच्याच उघड्या अंगावर चिकटवला होता आणि तो फोटो दोन वर्षं एका परदेशी साइटवर फिरत होता. बावीस वर्षांची पोर, दोन वर्षांत उंबरठ्याबाहेर पडली नव्हती.

"आता काऊन? कायदा झाला म्हणल्या होत्या ना तुम्ही?"

"झाला ना. पहिले त्या साइटच्या देशात हा गुन्हाच नव्हता. आपली मंडळी, अजून चार देशांची मंडळी तिथं जाऊन बोलणीले बसली, तेव्हा कुठं झाला. आता फोटो काढून टाकतीन ते. पण कागद त्यायले साफ पाह्यजे. आपला शिक्का वाचताच येत नाही म्हणतात."

एवढे देश कामाला लागले, आणि घोडं अडलं कुठे, तर शिक्क्यावर! शकूरमियांना हसावं की रडावं कळेना. तहसील कचेरीसमोर बसून तीस वर्षं त्यांनी रबरी शिक्केच तर बनवले होते.

जयमालाबाईंनी त्या फोटोच्या चार नव्या प्रती काढल्या. मधला भाग कोऱ्या कागदानं झाकून एकीच्या कोपऱ्यात शिक्का मारला. निळा डाग तेवढा पडला.

"पाहा, असाच उठते."

"मले द्या." शकूरमियांनी शिक्का उलटा करून पाहिला. अक्षरांत शाईचा गाळ बसला होता. रुमालानं पुसता पुसता उलटी अक्षरं त्यांनी सवयीनं सुलटी वाचली, आणि हात थांबला.

"मॅडम, फोटो तं खोटा हाये. त्याच्यावर 'सत्यप्रत'?"

"खोटा हाये हे अर्जात लिहिलं, चाचा. कागदावर हाच शिक्का लागते."

"खोट्याचा नाही का एखादा?"

"तसा नसते."

ते त्यांनाही ठाऊक होतं. तीस वर्षांत तसला शिक्का करून द्या म्हणत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबला. मग डोळे मिटून घेतले. हात सरावाचा होता; उरलेल्या तिन्ही प्रतींवर अक्षर न् अक्षर स्वच्छ उठलं.