आवरा की आता

"तेवढा माझा आवाज काढून टाका, निसारभाई," हंबीरराव म्हणाले. चहाला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

समोरच्या टेबलावर 'उलटा चंद्र'ची एकुलती एक रेकॉर्ड होती. कोल्हापुरातल्या चार पोरांचा हा रॉक बँड. एक अख्खी बाजू भरून एकच गाणं; ऑर्गन, गिटार आणि मध्येच हलगी. १९७८ साली भर कार्यक्रमात ते ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर बँड पुन्हा वाजला नाही. मोजक्या प्रती उरल्या आणि त्यांच्यासाठी परदेशातले लोक झुरू लागले. आता तिकडची एक कंपनी रेकॉर्ड नव्यानं काढणार होती.

निसारभाई त्या बँडचे गायक. त्यांच्या लेकीनं, शबनूरनं, सुई टेकवली. गाणं चढत गेलं, मग ऑर्गन रेंगाळला. लांबून तुरळक टाळ्या आल्या. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी ओरडलं, "आवरा की आता!"

गिटार अडखळली. थांबली.

हंबीररावांनी मान खाली घातली.

"लोकांत मागं सगळीच वरडत हुती. मीबी वरडलो. दुसऱ्या दिवशी तालमीत छाती फुगवून सांगितलं, ज्यानं बँड थांबला त्यो आवाज माझाच. तवापास्नं पेठंत मला आवराराव म्हणत्यात. तवा मजा वाटायची. आता नात इच्चारती, आज्जा, एवढा भारी बँड तुम्ही मोडला व्हय?"

"जाऊ द्या हो. जुनी गोष्ट हाय." निसारभाईंची नजर रेकॉर्डवरच होती.

"तुमी एकदाबी बोलला न्हाईसा. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"काढायला सांगतो. आजच सांगतो."

हंबीररावांनी गार चहा एका घोटात संपवला. दारात वळून हात जोडले. "थोर मन हाय तुमचं."

निसारभाईंनी दार लोटून घेतलं.

शबनूरनं सुई मागं नेली. टाळ्या, मग तो आवाज. तिनं पुन्हा ऐकलं.

"अब्बा, टाळ्या एवढ्या लांबून येतात. मग हंबीरकाका एवढे जवळ कसे? लोकांत माईक ठेवला होता?"

"न्हाई. एकच माईक हुता."

"मग कुठं होता?"

निसारभाईंनी सुई उचलली.

"माझ्या तोंडापुढं."