अस्सल केचुआ

पेरू देशातल्या कुस्कोच्या सूर्योत्सवात यंदा इंकाराजाचं काम रोहेलिओला मिळालं. लहानपणीच टाकून दिलेली केचुआ ही मायबोली आई इलारियानं महिनाभर चुलीपाशी बसवून त्याच्याकडून घोटून घेतली. "अरे, सूर्याला हाक मारतोयस, बसवाल्याला नाही," ती म्हणायची.

उत्सवात त्याची साद ऐकून गर्दीनं भरलेला सगळा डोंगर गप्प झाला. नंतर इलारिया वाट काढत त्याच्याजवळ पोचली, तेव्हा टीव्हीवाली त्याला विचारत होती, "इतकी अस्सल केचुआ शिकलात कुठे?"

रोहेलिओनं आईच्या मळक्या शालीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "लिमाला, विद्यापीठात."

टीव्हीवालीनं माइक शेजारच्या म्हातारीपुढे धरला. "तुम्हाला कसं वाटलं, आजी?"

 

"साहेब फार छान बोलले," इलारिया मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली.